मंडळीची कामकाजाची सभा ख्रिस्ती वृत्तीने कशी चालवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासनेत शेजारी बसून गाणारी माणसं तासाभराने त्याच बाकांवर सभेला बसतात आणि सूर बदलतो. हिशेबाचा कागद हातात आला, निवडणुकीचा विषय निघाला, की मघाशी ‘बंधू’ असलेला माणूस ‘त्यांच्या गटातला’ होतो. पाळक, वडीलजन, कमिटीचे सभासद आणि पहिल्यांदाच सभेला बसणारे तरुण पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक मंडळीची (स्थानिक चर्चची) घटना, म्हणजे लेखी नियमावली, वेगळी असते. इथलं सांगणं आणि तुमची घटना यांत फरक असेल, तर घटनाच पाळा.

कामकाजाची सभा हा व्यवहार आहे. त्यात अध्यात्म कशाला आणायचं?

अध्यात्म तिथे आधीपासूनच आहे, ते आपण दाराबाहेर ठेवून आत येतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ उघडून बघा. यरुशलेमेच्या मंडळीत कुरकुर सुरू झाली ती शिकवणीवरून नव्हे, रोजच्या अन्नवाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांचं म्हणणं होतं की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. थोडक्यात, भांडण भाकरीचं होतं आणि त्याला भाषेच्या भेदाची किनार होती.

प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना ‘तुमच्यात विश्वास कमी आहे’ असं सुनावलं नाही. प्रकरण चार जणांत मिटवलंही नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं, अडचण उघड मांडली, निवडायच्या माणसांची पात्रता सांगितली (नावलौकिक चांगला असावा, पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावेत) आणि निवड लोकांवर सोपवली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाचं काम आलं. बहुसंख्य लोकांनी हे मोकळ्या मनाने केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सुरुवातीला प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद होतोच. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. प्रार्थनेची गरज सर्वांत जास्त असते ती मधेच, आवाज चढतात तेव्हा. त्या क्षणी अध्यक्षांनी ‘आपण दोन मिनिटं शांत बसू’ असं म्हणावं आणि खरोखर दोन मिनिटं शांत बसावं. कुणी बोलायचं नाही, कागद चाळायचे नाहीत. शांततेनंतर पहिलं वाक्य बोलणारा जरा सांभाळून बोलतो, हे कुठल्याही सभेत दिसेल.

एक मात्र टाळा. ‘प्रभू, आमच्यातल्या काही जणांचे डोळे उघड, त्यांना तुझी इच्छा कळू दे’ अशी प्रार्थना हे डोळे मिटून केलेलं भाषण असतं. समोरच्याला त्यावर उत्तरही देता येत नाही.

आपल्याला पवित्र आत्मा चालवतो. मग ठराव, सूचक (ठराव मांडणारा), अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा), हरकतीचा मुद्दा ही भानगड कशासाठी?

करिंथच्या मंडळीला आत्मिक दानांची कमतरता नव्हती, तरी पौलाला त्यांना एका वेळी एकानेच बोलावं, दुसरा बोलू लागला तर पहिल्याने थांबावं, इतकं बारीक लिहावं लागलं. १ करिंथकर १४ चा शेवट ‘सगळं काही व्यवस्थित होऊ द्या’ या अर्थाच्या वाक्याने होतो. म्हणजे शिस्त आणि आत्मा यांचं वैर नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. आज जगभर अनेक संस्था ज्या सभानियमांचा आधार घेतात, ते हेन्री मार्टिन रॉबर्ट यांचे नियम चर्चच्या सभेतल्या अनुभवातून जन्मले. रॉबर्ट अमेरिकी सैन्यात इंजिनिअर होते. १८६३ साली न्यू बेडफर्डच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांना अचानक सभेचं अध्यक्षपद घ्यावं लागलं, आणि सभा कशी चालवतात याची काहीच माहिती नसल्याने त्यांची पुरती तारांबळ उडाली. तिथून त्यांनी अभ्यास सुरू केला आणि १८७६ साली त्यांची नियमपुस्तिका छापून आली.

नियम नसलेल्या सभेत कोण जिंकतं? ज्याचा आवाज मोठा, ज्याचं घराणं जुनं, ज्याची देणगी मोठी, तो. ‘प्रत्येकाचं एकदा बोलून होईपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही’ हा साधा नियम मागच्या बाकावरच्या माणसाला जेवढं संरक्षण देतो, तेवढं प्रेमावरचं प्रवचन देत नाही. नियमांचा गैरवापरही होतो, हे खरं. दुसऱ्याचं तोंड बंद करायला कलमांचे आकडे फेकणारी माणसं प्रत्येक मंडळीत असतात. त्यांच्यासाठी अध्यक्ष खंबीर लागतो.

चांगला सभाध्यक्ष नेमकं काय करतो?

सभेच्या आधीच त्याचं निम्मं काम झालेलं असतं. विषयपत्रिका वेळेत लोकांच्या हाती पडलेली असते. वादाचा विषय असेल तर दोन्ही बाजूंच्या माणसांना तो आधी एकेकटं भेटलेला असतो, त्यांचं मन वळवायला नव्हे, नीट समजून घ्यायला.

सभेत तो प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला सांगतो की आपण आता नेमकं काय ठरवणार आहोत. हे क्षुल्लक वाटेल, पण अर्ध्या मंडळीला वाटतं की रंगकामाचा खर्च मंजूर करायचाय आणि अर्ध्या मंडळीला वाटतं की कंत्राटदार ठरवायचाय, अशा सभा मी पुष्कळ पाहिल्यात. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही वेगळ्याच गोष्टीवर बोलत असतात.

ठरावाच्या बाजूने कुणी बोललं की तो विचारतो, ‘विरोधात कुणाला बोलायचंय का?’ आणि मग थोडा थांबतो. हे थांबणं महत्त्वाचं. लाजाळू माणसाला हात वर करायला पाच-दहा सेकंद लागतात. घाई असणारे अध्यक्ष तेवढ्यात ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून मोकळे होतात.

तो माणसाला मुद्द्यापासून वेगळं काढतो. कुणी म्हणालं, ‘यांना मंडळीचं भलं बघवत नाही’, तर अध्यक्षाने लगेच, पण आवाज न चढवता थांबवावं: ‘हेतूबद्दल बोलू नका. ठरावातलं काय पटत नाही ते सांगा.’ दर वेळी, प्रत्येकाला, आपल्या मित्रालाही. आणि अध्यक्षाला स्वतःलाच ठरावावर बोलायचं असेल, तर त्या विषयापुरती खुर्ची दुसऱ्याला द्यावी.

पाळकांनीच अध्यक्ष व्हावं का?

काही मंडळ्यांच्या घटनेत तसं बंधन आहे, काहींत नाही. निवडीची मोकळीक असेल तर माझं स्पष्ट मत आहे की पाळकांचं मानधन, निवासस्थान, बदली किंवा मुदतवाढ हा विषय येतो तेव्हा तरी त्यांनी खुर्ची सोडावी, शक्य असेल तर खोलीबाहेर थांबावं. लोकांना मोकळं बोलता येतं, आणि पाळकांनाही जे ऐकायला नको ते ऐकावं लागत नाही.

बहुमताने ठरवावं की एकमत होईपर्यंत थांबावं?

याचं एकच उत्तर शास्त्रात मिळत नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित कोण, हे ठरवताना योसेफ बर्सबा आणि मत्थिया अशी दोन नावं पुढे आली आणि चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. यरुशलेमेच्या बैठकीत, म्हणजे प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये, इ. स. ४९ च्या सुमारास, वेगळंच घडलं.

तो अध्याय कमिटीने वर्षातून एकदा तरी एकत्र वाचावा. विषय साधा नव्हता: परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना सुंता आणि मोशेचं नियमशास्त्र लागू करायचं की नाही. आधी पुष्कळ वादविवाद झाला, असं या पुस्तकाचा लेखक लूक सरळ लिहितो, झाकत नाही. मग पेत्राने स्वतः पाहिलेलं सांगितलं. त्यानंतर सगळा समुदाय गप्प राहिला आणि बर्णबा व पौल यांचं ऐकू लागला. शेवटी याकोबाने आधीच्या बोलण्याचा धागा पकडून, शास्त्राशी ताडून, निर्णय मांडला. त्यात सुंतेचं ओझं काढलं होतं, पण यहूदी बांधवांबरोबर एका मेजावर बसता यावं म्हणून परराष्ट्रीयांनाही काही गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या. दोन्ही बाजूंना काही सोडावं लागलं. आणि निर्णय कळवताना नुसतं पत्र धाडलं नाही. यहूदा बर्सबा आणि सीला यांना सोबत पाठवलं, म्हणजे कुणाला काही विचारायचं असेल तर उत्तर द्यायला जिवंत माणूस समोर असावा.

पुढे ख्रिस्ती लोकांनी यातून निरनिराळ्या पद्धती काढल्या. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांत मतदान होतच नाही. लोक शांततेत बसतात, बोलतात, पुन्हा शांत होतात, आणि सभेचा कल काय आहे ते चिटणीस तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो. सगळ्यांनी मान्य केलं तरच तो निर्णय. ऑस्ट्रेलियातल्या युनायटिंग चर्चने एकमताच्या पद्धतीत रंगीत कार्डं आणली: बोलणं पटत असेल तर नारिंगी, पटत नसेल तर निळं. मंडळ्यांच्या जागतिक परिषदेनेही २००६ साली पोर्तो अलेग्रेच्या महासभेत एकमताची पद्धत वापरली.

माझा सल्ला व्यवहारी आहे. रोजच्या कामाला बहुमत पुरे. इमारत विकणं, पाळक बोलावणं, घटना बदलणं अशा विषयांत निसटत्या बहुमतावर पुढे जाऊ नका, घटनेत तेवढं चालत असलं तरीही. मत मोजून झालं आणि जवळजवळ अर्धे लोक विरोधात निघाले, तर सूचकाने स्वतः उठून ‘हा विषय पुढच्या सभेपर्यंत ठेवू’ म्हणावं. जिंकलेल्याने असं म्हटलं की सभेचा रंगच बदलतो. एकमताच्या नावाखाली एकाच माणसाने सगळ्यांना वर्षानुवर्षं अडवून धरणं मात्र चुकीचं आहे. त्याचं पूर्ण ऐकून घ्या, त्याची हरकत इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) नोंदवा आणि पुढे चला.

गुप्त मतदान म्हणजे अविश्वास नाही का?

माणसांच्या निवडीसाठी ते गुप्तच असावं. हात वर करून मत द्यायचं झालं, की सून सासऱ्याकडे बघते आणि नोकर मालकाकडे.

हिशेबावर प्रश्न विचारला की खजिनदाराला राग येतो. विचारावं की नाही?

जरूर विचारावं. पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता, तेव्हा त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला आणि कारणही लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या रकमेवरून आपल्याला कुणी दोष देऊ नये, प्रभूसमोर तसंच माणसांसमोरही व्यवहार चोख असावा (२ करिंथकर ८). पौलाला साक्षीदार लागला, तर आपल्या खजिनदाराला का लागू नये?

पण विचारण्याची रीत असते. ‘एवढे पैसे गेले कुठे?’ या प्रश्नात उत्तर आधीच ठरवलेलं आहे. त्याऐवजी ‘दुरुस्तीच्या रकमेत छप्पर आणि रंगकाम दोन्ही धरलंय का? वेगळं करून दाखवाल?’ असं विचारलं की खजिनदार फाइल उघडतो, पावती काढतो, आणि दोन मिनिटांत विषय संपतो. बहुतेक खजिनदार बिनपगारी, आपली नोकरी-धंदा सांभाळून, रात्री बसून हे काम करतात. आधी आभार, मग प्रश्न.

मंडळीनेही त्यांना आधार द्यायला हवा. अर्पण मोजताना नेहमी दोन माणसं असावीत, एकाच घरातली नकोत. मोजलेल्या आकड्यावर दोघांच्या सह्या. जमाखर्चाचा ताळेबंद सभेच्या आधी लोकांना मिळावा, सभेत बसून पहिल्यांदा बघायची वेळ येऊ नये. तपासणी बाहेरच्या माणसाकडून. एवढं असलं की संशयाला जागा उरत नाही आणि खजिनदारही रात्री शांत झोपतो.

आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचं काय?

माहिती असेल तर ऐकावी. निर्णय असेल तर पुढच्या सभेत. लोक चपला घालून उठायच्या बेतात असताना मंजूर झालेला मोठा खर्च पुढे वर्षभर पुरतो, भांडायला.

सभेआधी घरोघर जाऊन मतं गोळा करणं चूक आहे का?

आपलं म्हणणं समजावून सांगणं चूक नाही. कसोटी अशी: जे तुम्ही त्या घरात बोललात, ते ज्याच्याविषयी बोललात त्याच्यासमोर सभेत बोलाल का? बोलणार नसाल, तर ती चुगली आहे. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही हेच लागू. सभेची तारीख, विषयपत्रिका, हिशेब ग्रुपवर जरूर टाका. वाद तिथे घालू नका. लेखी शब्दाला चेहरा नसतो, आणि त्याचा फोटो काढून तो दुसऱ्या ग्रुपवर जायला क्षण पुरतो.

काही जण कधीच बोलत नाहीत. त्यांचं मत कसं कळणार?

विचारून. आणि विचारल्यावर वाट बघून. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांच्या वतनात हक्क मागतात. मोशे त्यांना गप्प बसवत नाही, परमेश्वराला विचारतो, आणि उत्तर येतं की या मुलींचं म्हणणं रास्त आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले. त्यांत महत्त्वाच्या विषयावर सगळ्या बांधवांना बोलवायला सांगितलंय, कारण जे अधिक चांगलं आहे ते प्रभू अनेकदा धाकट्याला दाखवतो.

एका सभेत जुने लाकडी बाक काढून खुर्च्या आणायचा विषय होता. हिशेब पक्का होता, दोन दर आले होते, ठराव होण्याच्या बेतात होता. अध्यक्षांनी शेवटच्या रांगेतल्या एका आजींना सहज विचारलं, ‘आजी, तुम्हाला काय वाटतं?’ त्या उठल्या, डाव्या हाताने पुढच्या बाकाची कड धरली आणि म्हणाल्या, ‘खुर्च्या आणा, बाळांनो. माझीच कंबर धरते यावर. पण हा बाक ह्यांनी दिला होता, खाली नाव कोरलंय.’ कुणाला ते माहीतच नव्हतं. एक तरुण वाकला, मोबाइलचा उजेड पाडला, नाव वाचलं. ठरावात दुरुस्ती झाली: नावं असलेले बाक ठेवायचे, ते व्हरांड्यात लावायचे. खुर्च्याही आल्या. तो प्रश्न विचारला नसता तरी ठराव मंजूर झालाच असता, आणि आजी गप्प घरी गेल्या असत्या.

ज्यांना उभं राहून बोलणं जमत नाही त्यांच्यासाठी आणखी एक उपाय आहे. दहा मिनिटं चार-पाच जणांच्या गटात चर्चा करा आणि प्रत्येक गटातल्या एकाने ती सांगावी. गटात माणूस बोलतो.

सभेत कुणी माझ्यावर आरोप केला तर?

त्याच क्षणी सगळं उत्तर द्यायची गरज नसते. ‘तुमचं म्हणणं मी ऐकलं. यावर आपण दोघं बसून बोलू’ एवढं म्हणता येतं. मत्तय १८ मध्ये प्रभूने क्रम दिलाय: आधी एकट्याने भेटायचं, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, आणि मगच मंडळीपुढे. आपल्याकडे बऱ्याचदा शेवटची पायरी पहिली होते. आरोप मंडळीच्या कामाचा असेल तर मात्र कागद दाखवून शांतपणे उत्तर द्या. लोकांना ते कळायला हवं.

शांती राखण्यासाठी गैरप्रकार झाकावेत का?

कधीही नाही. ख्रिस्ती वृत्तीचा हा सर्वांत मोठा विपर्यास आहे आणि त्याने अनेकांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली आहेत. लहान मुलाला, स्त्रीला किंवा कुणालाही इजा झाली असेल, अत्याचार झाला असेल, तर तो विषय सभेत मताला टाकायचाच नसतो. पोलिसांकडे आणि कायद्याकडे जायचं. १ करिंथकर ६ मध्ये पौल बांधवांनी आपापसातल्या देण्याघेण्याच्या वादांसाठी न्यायालयात जाण्याबद्दल बोलतो. गुन्हा लपवण्यासाठी त्या वचनाचा आधार घेता येत नाही. पीडित व्यक्तीचं नाव सभेत उच्चारू नका, आणि तिला ‘क्षमा कर आणि विसर’ असं सांगण्याची घाई कुणीही करू नये.

माझं मत पडलं. मला तो निर्णय अजूनही चुकीचा वाटतो. आता काय?

वाटू द्या. मन बदलल्याचं सोंग करायची गरज नाही. तुमची असहमती नोंदवून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण निर्णय झाल्यावर तो फसावा म्हणून वाट बघू नका, त्याच्या कामात हात आखडू नका आणि देणगी थांबवून दबाव आणू नका. पुन्हा विषय काढायचा असेल तर पुढच्या सभेत, रीतसर.

ज्यांचं मत जिंकलं त्यांच्यावर जबाबदारी अधिक आहे. सभा संपल्यावर आधी विरोधात बोललेल्या माणसाकडे जा. विषय काढू नका, नुसती घरच्यांची चौकशी करा. आणि पुढच्या कामाच्या उपसमितीत त्याला आवर्जून घ्या. ज्याने धोके दाखवले तोच ते सांभाळायला सर्वांत योग्य असतो.

दोन बाजू कधीच एकत्र येत नसतील तर?

ज्या अध्यायात यरुशलेमेची बैठक यशस्वी होते, त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा, सहकारी योहान मार्काला सोबत न्यावं की नाही यावरून, इतके भांडतात की वाटा वेगळ्या होतात. लूकने तेही लिहून ठेवलं. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियात. कुणी कुणाच्या कामात खोडा घातला नाही. पुढे २ तीमथ्य ४ मध्ये मार्काला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असं तीमथ्याला लिहिणारा तोच पौल आहे. म्हणून वेगळं व्हायची वेळ आलीच तर मालमत्तेचा हिशेब स्वच्छ करा, एकमेकांविषयी इतर मंडळ्यांत बोलत फिरू नका, आणि लग्नकार्याला, मयतीला जाणं सोडू नका.

इतिवृत्तात काय लिहावं?

ठरावाचे शब्द, सूचक आणि अनुमोदक यांची नावं, मतांचे आकडे, काम कुणी आणि कधीपर्यंत करायचं, आणि नोंदवायला सांगितलेल्या हरकती. कोण किती चिडलं, कुणी काय टोमणा मारला हे लिहू नये. पंचवीस वर्षांनी ती वही उघडणाऱ्या नातवाला त्याची गरज नाही. ठरावाचे शब्द सभेतच वाचून दाखवावेत, म्हणजे ‘असं ठरलंच नव्हतं’ हा वाद पुढच्या सभेत होत नाही. कच्चं इतिवृत्त आठवड्याभरात अध्यक्षांकडे द्यावं. पुढच्या सभेत ते मंजूर होईपर्यंत मूळ टिपणं फाडू नयेत.

सभा किती वेळ चालावी?

दोन तासांत संपवा. उरलेले विषय तहकूब करून दुसरी तारीख तिथेच ठरवा. थकलेली, भुकेलेली माणसं चांगले निर्णय घेत नाहीत, आणि लहान मुलं असलेल्या आया तोपर्यंत निघून गेलेल्या असतात. सभेच्या वेळी मुलांना सांभाळायला दोन माणसं नेमली, तर त्याही शेवटपर्यंत थांबून मत देऊ शकतात.